अलंकार : पेपरातले आणि अंगावरचे

(एकलहरे येथे बारावीच्या मुली, त्यांच्या आया आणि महिला मंडळाच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर परीक्षेपूर्वी केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि पुढे वह्या घेऊन बसलेल्या मुलींनो,

आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर मंडळातल्या एकदोघींनी विचारलं, "ताई, इंग्रजीच्या पेपराची उजळणी हा कॉलेजचा प्रश्न झाला. त्याचं बायकांच्या संघटनेत काय काम?" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

बारावीला इंग्रजी सक्तीचं आहे. बाकीचे विषय निवडता येतात, इंग्रजी टाळता येत नाही. मुलगा इंग्रजीत नापास झाला, तर घरात आरडाओरडा होतो, दोन दिवस रुसवेफुगवे होतात आणि मग त्याला पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरून दिला जातो. मुलगी नापास झाली, तर बऱ्याच घरांत आरडाओरडा होतच नाही. कुणीतरी वडीलधारं माणूस शांतपणे म्हणतं, "झालं तेवढं पुरे." आणि पाहुण्यांकडे निरोप जातो. म्हणजे एका पेपरातले पाच-दहा गुण आणि त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य, यांची गाठ मारलेली असते.

त्यातून परीक्षेचे दिवस कोणते? फेब्रुवारी-मार्च. आपल्या नाशिक जिल्ह्यात हेच दिवस द्राक्षतोडणीचे. आई बागेत जाते, तेव्हा घरचा स्वयंपाक, पाणी, धाकट्या भावंडांचं आवरणं कुणाकडे येतं? पेपर असलेल्या मुलीकडे. पेपर असलेल्या मुलाकडे नाही. आपलं एकलहरे हे विजेचं गाव. इथली वीज कुठल्या कुठे जाते. पण इथल्या मुलीला दिव्याखाली बसायला दोन तास मिळत नाहीत. मुलींनो, याला मराठीत विरोधाभास म्हणतात, इंग्रजीत पॅराडॉक्स. पहिला अलंकार झाला. वहीत लिहून घ्या.

आता पेपराचा हिशोब करू. २०२० साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी युवकभारतीच्या आराखड्यात लेखी पेपर ८० गुणांचा आहे. गद्य उतारे आणि भाषाभ्यास यांना ३४, कवितांना १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबऱ्यांच्या भागाला १६. म्हणजे कविता आणि कादंबऱ्या मिळून ३० गुण. आणि बहुतेक मुली सोडून देतात तो नेमका हाच भाग. किंवा गाईडातलं उत्तर अर्थ न कळता पाठ करतात, आणि प्रश्न जरा फिरवून आला की पाठ केलेलं सगळं अडतं. "आम्हांला अलंकार येत नाहीत" असं मुली सांगतात. मी म्हणते, तुम्हांला अलंकार येतात. लहानपणापासून तुमच्यावर तेच घातलेत.

आपल्यावर घातलेले अलंकार

गंमत म्हणून बोलत नाही. बघा. 'मुलगी म्हणजे परक्याचं धन.' हे काय आहे? एका गोष्टीला सरळ दुसरीच गोष्ट म्हटलेलं आहे. मुलगी धनासारखी आहे असं नाही म्हटलं, मुलगी धनच आहे म्हटलं. हे रूपक, म्हणजे मेटाफर. आता 'सारखी', 'जशी', 'वाणी', 'प्रमाणे' असा शब्द मध्ये आला की झाली उपमा, म्हणजे सिमिली. 'बाईची अब्रू काचेच्या भांड्यासारखी' ही उपमा. इंग्रजीत 'लाइक' किंवा 'ॲज' हे शब्द शोधायचे. शब्द दिसला तर बहुधा उपमा, आणि शब्द नसताना एकाला दुसरंच म्हटलेलं असेल तर रूपक. पेपरात सगळ्यांत जास्त गोंधळ या दोहोंचाच होतो.

'चूल आणि मूल.' यात दोन अलंकार आहेत. चूल-मूल हे यमक झालं. शिवाय चूल म्हटल्यावर आपल्याला तीन दगड आणि विस्तव एवढंच अभिप्रेत नसतं. स्वयंपाक, भांडी, सरपण, पाणी, आल्यागेल्याचं करणं असं सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं असतं. एका वस्तूचं नाव घेऊन तिच्याशी जोडलेलं सगळं सांगायचं, याला इंग्रजीत मेटॉनिमी म्हणतात.

'घर खायला उठतं.' घराला तोंड नाही. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण दिले, ही चेतनगुणोक्ती, म्हणजे पर्सॉनिफिकेशन. 'एवढासा चहा करायला तुला शंभर वर्षं लागतात का?' ही अतिशयोक्ती, हायपरबोली. आणि दिवसभर राबून बाई खाटेवर टेकली की कुणी म्हणतं, 'राणीसाहेब आराम करताहेत!' शब्द एक, अर्थ उलटा. हा उपरोध, म्हणजे आयरनी.

एक अलंकार आपल्या गावागावांत लग्नसराईत फार चालतो. बोचरी गोष्ट मऊ शब्दांत सांगण्याचा. इंग्रजीत युफेमिझम. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला. त्यानंतर कुणी हुंडा म्हणत नाही. मानपान म्हणतात, 'मुलीच्या हौसेचं' म्हणतात. नवरा मारतो असं न म्हणता 'त्यांचा स्वभाव जरा तापट आहे' म्हणतात. आणि आपल्याबद्दल काय सांगतात? 'ती काही करत नाही, घरीच असते.' पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत जे होतं, ते 'काही नाही'!

मुलींनो, या सगळ्याचा परीक्षेला उपयोग काय? एक उपयोग उघड आहे. अलंकाराची व्याख्या इंग्रजीत घोकण्याआधी त्याचं घरातलं उदाहरण डोक्यात बसलं, की तो पुसला जात नाही. पण दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. 'मुलगी परक्याचं धन' हे रूपक आहे, असं एकदा ओळखता आलं, की ते सत्य नाही हेही कळतं. ती कुणीतरी केलेली तुलना आहे. तुलना करणाऱ्याला विचारता येतं, की बाबा, धनच का म्हणालास? माणूस का नाही म्हणालास? जी गोष्ट रचलेली आहे, ती मोडून पुन्हा रचता येते. आजच्या बोलण्यात एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. बाकीचं सगळं तिचाच विस्तार आहे.

हे काम आधी कुणी केलं

हे मी नवीन काही सांगत नाही. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. मुलींना शिकवण्याचं काम चालू असतानाच त्या कविता लिहीत होत्या, आणि इंग्रजी शिका असा आग्रह त्यांनी कवितेतून धरला. शिकणं हा हक्क आहे आणि शब्द हे त्याचं हत्यार आहे, हे त्यांना कळलेलं होतं.

नंतर १८८२ साली ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या बाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून घेतलं. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेवर झालेल्या खटल्याचं. वर्तमानपत्रांनी त्यावरून साऱ्या बायकांच्या जातीला दोष द्यायला सुरुवात केली, तेव्हा ताराबाई उठल्या. त्यांनी नुसता राग व्यक्त केला नाही. पोथ्यापुराणांत आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बाईचं जे चित्र रंगवतात, ते तपासलं. कपट, अविचार, चंचलपणा असे जे जे दुर्गुण बाईच्या नावावर लिहिलेले होते, ते एकेक घेऊन पुरुषांसमोर धरले आणि विचारलं, हे तुमच्यात नाहीत का? उपरोध कसा वापरावा हे शिकायचं असेल, तर ते पुस्तक वाचा. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. मधली कितीतरी वर्षं ते विस्मरणातच गेलं होतं.

योगायोग असा, की त्याच १८८२ साली इब्सेन यांचं 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' हे नाटक प्रसिद्ध झालं. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात त्यातला भाग आहे. गावातल्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे असं एक डॉक्टर शोधून काढतो, आणि ज्या गावासाठी तो हे सांगतो तेच गाव त्याला शत्रू ठरवतं. कारण त्या पाण्यावर गावाची कमाई असते. कारखाना, रोजगार, पाणी आणि राख यांच्या चर्चा आपल्या गावाला नवीन नाहीत, त्यामुळे तुम्हांला ते नाटक लांबचं वाटणार नाही. पण पूर्ण नाटक मिळालं तर त्यातल्या पेट्राकडे बघा. पेट्रा ही डॉक्टरची मुलगी, शिक्षिका. वर्तमानपत्रासाठी एका इंग्रजी गोष्टीचं भाषांतर करायला ती नकार देते, कारण गोष्टीतला विचार तिला पटत नाही. पुढे वडिलांच्या बाजूने उभी राहते म्हणून तिची नोकरी जाते. डॉक्टर नायक झाला आणि पेट्रा गाईडात एका ओळीपुरती उरली, असं होऊ देऊ नका.

कविता वाचताना

आता बारावीच्या पुस्तकाकडे येऊ. बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी' ही कविता १८१५ साली प्रसिद्ध झाली. सुंदर बाईची तुलना दिवसाशी, उन्हाशी करायची रीत. बायरनने ती रात्रीशी केली, चांदण्या रात्रीशी. ही उपमा महत्त्वाची, ती उत्तरात आलीच पाहिजे. उजेड आणि अंधार जोडीने येतात, तो विरोध, म्हणजे अँटिथेसिस. हे लिहिलंत की अलंकाराचे गुण मिळाले. आता पुढचा प्रश्न तुमचा तुम्ही विचारा. या कवितेत त्या बाईचे केस आहेत, डोळे आहेत, कपाळ आहे, गाल आहेत, हसू आहे. ती बोलते काय? एक शब्दही नाही. तिच्या मनात काय आहे तेही कवीच तिच्या चेहऱ्यावरून ठरवतो. कविता सुंदर आहे आणि तीत बाई मुकी आहे. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहिता येतं.

लगेच त्याच पुस्तकातली व्हर्जिनिया वुल्फ यांची 'द न्यू ड्रेस' ही कथा घ्या. मेबल नावाची बाई नवा पिवळा झगा घालून मेजवानीला जाते आणि आत पाऊल टाकताच तिला वाटतं, सगळे आपल्यालाच हसताहेत. बशीतून बाहेर पडू न शकणाऱ्या माशीसारखं तिला स्वतःबद्दल वाटत राहतं. ती माशी हे कथेतलं मुख्य प्रतीक, सिंबल. कथा मेबलच्या डोक्यात चालते, एका विचारातून दुसरा विचार निघत जातो. या तंत्राला इंग्रजीत स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस म्हणतात, मराठीत संज्ञाप्रवाह. बायरनने बाई बाहेरून पाहिली. वुल्फबाईंनी आतून दाखवली, आणि आत काय आहे? आरसा, आणि त्या आरशात दुसऱ्यांचे डोळे. लग्नाच्या मांडवात जुनी साडी नेसून गेलेल्या प्रत्येकीला ही कथा कळेल. मेबलला बरं वाटतं ते कुठे? झगा शिवणाऱ्या मिस मिलनच्या कोंदट खोलीत. दोघी बायका, कापड, टाचण्या, आणि एकमेकींबद्दलची माया. शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बाया इथे बसल्या आहेत. त्यांना हे वाचून दाखवा.

दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही थकल्या बापाची कविता. रात्रीच्या लोकलने घरी येणारा, चिखलाने माखलेल्या चपलांचा, घरात कुणी बोलत नाही असा म्हातारा. पाळीवरून येणारे वडील पाहिलेल्या तुम्हां मुलींना तो लगेच ओळखीचा वाटेल. त्याचं एकटेपण हा कवितेचा विषय, आणि तो खरा आहे. उत्तरात तोच लिहा. पण घरी आल्यावर तो शिळी पोळी खातो. ती पोळी कुणी केली होती? कवितेत तिचा उल्लेख नाही. कवीवर ठपका ठेवायचा नाही. कवितेत काय आहे ते समजून घेतल्यावर काय नाही तेही बघायचं, एवढीच सवय लावायची.

आणि सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स'. विणकरांना तीनदा विचारलेला प्रश्न, तीनदा आलेलं उत्तर. सकाळी जन्मलेल्या बाळाचं वस्त्र, संध्याकाळी लग्नाची ओढणी, रात्रीच्या गारठ्यात मेलेल्या माणसाचं कफन. दिवसाचे तीन प्रहर म्हणजे आयुष्याचे तीन टप्पे, हे प्रतीक. प्रत्येक कडव्यात पक्षी, पीस किंवा ढग यांची उपमा. आपल्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणतात. माग चालवणाऱ्याचं नाव होतं आणि त्याच घरात सूत आवरणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या बाईच्या कामाला नाव नसतं. कविता पाठ करताना येवल्याचा माग डोळ्यांपुढे आणा. तीन कडवी आपोआप लक्षात राहतील.

कादंबऱ्या वाचताना

ज्यूल व्हर्न यांच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या कादंबरीला दीडशेवर वर्षं झाली. ती १८७२ साली क्रमशः छापली गेली. मुंबईहून निघालेली फिलिअस फॉगची आगगाडी रात्रीत घाट चढून नाशिकवरून खानदेशात जाते. नाशिकचं नाव कादंबरीत आहे. तुमच्या इथून कोळशाच्या गाड्यांचा आवाज येतो, त्याच लोहमार्गाची ही गोष्ट. पुढे बुंदेलखंडात एका तरुण विधवेला बळजबरीने सती घालायला नेत असतात. तिचं नाव आउदा. फॉगचा नोकर पासपार्तू मेलेल्या राजाचं सोंग घेऊन चितेवरून उठतो आणि तिला उचलून आणतो.

सतीबंदीचा कायदा १८२९ चा. तरी १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला रूपकुंवर जळाली आणि आपल्या साऱ्या संघटनांना रस्त्यावर यावं लागलं, त्याच वर्षी नवा कायदा करावा लागला. तेव्हा हे प्रकरण वाचताना ती जुनी गंमतगोष्ट आहे असं समजू नका. त्याचबरोबर परदेशी लेखक आपल्या देशाचं चित्र कसं रंगवतो, वाचवणारा कोण आणि वाचवली जाणारी कोण, हेही बघा.

आता खरी गोष्ट. गाईडात आउदाचं स्वभावचित्र काय असतं? सुंदर, नाजूक, कृतज्ञ. पण कादंबरीच्या शेवटी काय होतं? पैज हरलो असं समजून फॉग घरात बसलेला असतो. तेव्हा आउदाच त्याला लग्नाचं विचारते. तो नाही, ती विचारते. लग्न ठरवायला पासपार्तू धर्मगुरूकडे धावतो आणि तिथे त्याला कळतं, की आज रविवार नाही, शनिवार आहे. पूर्वेकडे प्रवास केल्याने एक दिवस वाचलेला आहे. मग धावाधाव होते आणि पैज जिंकली जाते. म्हणजे आउदाने तोंड उघडलं नसतं, तर फॉग हरलाच होता. कथानकाचा धागा तिने ओढला. 'आउदाचं कादंबरीतलं स्थान' असा प्रश्न आला, तर हे लिहा. हे मत म्हणून लिहायचं नाही, पुरावा म्हणून लिहायचं. कादंबरीत छापलेलं आहे.

कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर' १८९० ची. मेरी मॉर्स्टन ही मुलगी शेरलॉक होम्सकडे येते. तिच्या वडिलांमुळे आग्र्याच्या खजिन्यात तिचा वाटा निघतो. शेवटी खजिना थेम्स नदीच्या तळाशी जातो आणि डॉक्टर वॉटसनला आनंद होतो. का? ती श्रीमंत झाली असती तर तिला मागणी घालायची त्याची हिंमत नव्हती. प्रेमकथा म्हणून गोड आहे. पण बाईच्या हातचा वाटा गेल्यावरच तिचं लग्न सोपं व्हावं, यावर जरा थांबा. तो खजिनाही मुळात खून करून लुटलेला होता, तेही विसरू नका. आणि मग आपल्या गावात या. बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात, तेव्हा काय सांगतात? 'वाटा मागितलास तर माहेर तुटेल.' मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली केली. मेरी मॉर्स्टनचा खजिना नदीत गेला. आपला तर तहसीलमध्ये सही करून जातो.

तिसरी, ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह', १९५९ सालची. गयानातून आलेला काळा माणूस, शिकलेला, तरी रंगामुळे नोकरी मिळत नाही. शेवटी लंडनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत शिक्षक होतो. वर्गातल्या मुलींना तो आडनावापुढे 'मिस' लावून हाक मारायचा नियम करतो. साधी गोष्ट. पण आपल्याला कुणी मानाने हाक मारू शकतं, हे त्या मुलींना पहिल्यांदा कळतं. आपल्या घरात मुलाला 'अहो दादा' आणि मुलीला 'ए कारटे' हे चालतं, तिथे हा धडा मोठा आहे. एका मिश्रवर्णीय मुलाच्या घरी मयत होतं, तेव्हा तिथे फुलं घेऊन जायला वर्गातली मुलं आधी कचरतात, लोक काय म्हणतील म्हणून. मग जातात. 'लोक काय म्हणतील' हे लंडनमध्येही होतं, आणि ते ओलांडता येतं.

उत्तर कसं लिहायचं

आता अगदी व्यवहाराचं सांगते. अलंकार विचारला, की तीन गोष्टी लिहायच्या. अलंकाराचं नाव, तो कोणत्या शब्दांत आहे, आणि त्याने काय साधलं. नुसतं नाव लिहून थांबू नका. दोन वाक्यांत तुलना कशाची कशाशी झाली ते सांगा. कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण. त्यात कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, भाषा आणि अलंकार, मग तुमचं मत, असा क्रम ठेवा. मत शेवटी. आधी कविता काय म्हणते ते प्रामाणिकपणे लिहा, मग तुम्हांला काय वाटतं ते. उत्तरपत्रिकेत भाषण करू नका, ते मी इथे करते आहे. पण मत लिहायची जागा दिलेली असताना तिथे गाईडातलं दुसऱ्याचं मत उतरवू नका. आयुष्यात मुलीला 'तुझं मत काय?' असं लेखी विचारणारे फार थोडे प्रसंग येतात. ही जागा मोकळी सोडू नका.

इंग्रजी मोडकंतोडकं असेल. छोटी वाक्यं लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. कादंबरीच्या प्रत्येक पात्रासाठी एक पान करा. ती व्यक्ती कोण, तिने काय केलं, तिच्यामुळे कथेत काय बदललं. शेवटचा प्रश्न बायकांच्या पात्रांना नक्की लावा.

आयांनी काय करायचं

ज्या आयांना वाटतं, की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण बिनकामाच्या, त्यांच्यासाठी. मुलीला रोज अर्धा तास गोष्ट मराठीतून सांगायला लावा. आउदाची, मेबलची, मेरीची. भाकरी थापता थापता ऐका. आणि चार प्रश्न विचारा. या गोष्टीत बाई कोण आहे? ती काय बोलली? तिच्याबद्दल कोण बोललं? ती नसती तर काय झालं असतं? मुलीला उत्तर देता आलं, तर तिला धडा आला. नाही आलं, तर ती पुन्हा वाचेल. यासाठी तुम्हांला इंग्रजीचं एक अक्षर यावं लागत नाही. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना कुठे अक्षर येत होतं? उपमा तर त्यांना श्वासासारख्या येत.

दुसरं, मंडळाने ठराव करावा, की परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ बारावीच्या मुलीला घरात कुणी काम सांगणार नाही. भाऊ पाणी भरेल, वडील ताट वाढून घेतील. घरात जागा नसेल, तर समाजमंदिराची खोली मागून घ्या आणि आळीपाळीने एकेक बाई तिथे बसा, म्हणजे रात्री मुली एकट्या आहेत ही सबब कुणाला सांगता येणार नाही. बागेत तोडणीला जाणाऱ्या बायांनी टोळीतच ठरवावं, की पेपरच्या आदल्या दिवशी कुणाच्याही मुलीला हाताखाली न्यायचं नाही.

तिसरं, निकालाच्या दिवशी मंडळाने बसायचं. नापास झालेल्या मुलीच्या घरी दोघींनी जायचं, पेढे नसले तरी फॉर्म घेऊन जायचं. पुरवणी परीक्षा असते, पुन्हा बसता येतं. 'झालं तेवढं पुरे' हे वाक्य उच्चारलं जाण्याआधी आपण दारात असलो पाहिजे. अठरा पूर्ण नसताना पाहुणे बोलावणं चालू असेल, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे आणि आपण आहोत.

मुलींनो, दागिन्यालाही आपल्याकडे अलंकारच म्हणतात. आपल्या अंगावर घातलेले कितीतरी अलंकार दुसऱ्यांनी घडवलेले आहेत. 'परक्याचं धन', 'डोक्यावरचं ओझं', 'काचेचं भांडं'. ते ओळखून उतरवून ठेवायला शिका. तोवर पेपरातले अलंकार नीट ओळखा, ३० पैकी जितके मिळतील तितके गुण घ्या आणि पुढच्या वर्गात जा.

आता वह्या उघडा. पहिली कविता कुठली घ्यायची, ते तुम्ही सांगा.